सगळे चला

१

शेवटच्या दिवशी मिंगदाने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला ते खाण्याबद्दल. कोळंबीचे रोल राहिलेत. बदामाचा खरवस राहिला. देवळाजवळच्या मावशीची माशाची पेज तर काल आपण पोचेपर्यंत संपली होती. ताइनानला जाऊन उपाशी परत आले, असं लोकांनी म्हणायला नको.

पेइशान बॅगा भरत होती. नवऱ्याने शहर पाहिलं थोडं आणि चाखलं फार, याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. किलुंगच्या रोजच्या पावसातून सुटून चार दिवस उन्हात बसायला मिळालं, तेवढ्यावर ती खूश होती. संध्याकाळी गाडी, उद्या पुन्हा दाताचा दवाखाना आणि लोकांचे उघडे जबडे.

"आई, माझे मोजे कुठेत?" मिंगदाने विचारलं.

"तुझी आई किलुंगला आहे. तिला फोन कर."

"अगं, पोरीसमोर काय म्हणू मग?"

"पेइशान म्हण. लग्नाआधी म्हणायचास की. तेव्हा जीभ झिजली नव्हती."

"सवय मोडली गं," तो हसला. "बरं, पैज. आज गाडीत बसायच्या आत एकदा तरी नाव घेऊन हाक मारतो. जिंकलो तर गाडीतला जेवणाचा डबा तुझ्याकडून."

तिलाही हसू आलं, पण ते वरवरचं होतं. दवाखान्यात ती 'ताई' होती, इमारतीत 'युनयुनची आई', सासूबाईंच्या तोंडी 'ए मुली'. या लॉजच्या मालकीणबाईंनी चार दिवसांत तिला एकदाही तिचं नाव विचारलं नव्हतं. मुलीचं मात्र पहिल्या मिनिटाला विचारलं होतं.

आणि मुलीला तर नावांचं वेडच. पाच वर्षांची युनयुन दिसेल त्याचं बारसं करायची. आमाला, म्हणजे तिच्या आजीला, सगळ्या जगाला नावं ठेवायची सवय, आणि नातीला सगळ्या जगाचं नाव ठेवायची. लॉजचं लंगडं मांजर, खोलीतला पंखा, कोणी सुटलं नव्हतं. परवा देवळाच्या तळ्यातल्या कासवाला तिने 'फूशेंग' नाव दिलं. ते तिच्या वारलेल्या आजोबांचं. आमा फोनवर कडाडली, तर ही म्हणते, "पण आजोबा कुठे वापरतात आता ते? नुसतं पडलंय."

२

पेज मिळाली. वाडग्यावर ताजी कोथिंबीर भुरभुरलेली होती, आणि युनयुनने नेहमीप्रमाणे तिचं एकेक पान चिमटीत धरून बापाच्या वाडग्यात नेऊन टाकलं. कोथिंबिरीला ढेकणाचा वास येतो, असं तिचं म्हणणं. एक पान चुकून तोंडात गेलं तर अख्खा घास बाहेर यायचा. जेवण थंड झालं तरी ही निवडानिवड चालूच. पेइशानने पूर्वी रागावून पाहिलं होतं, मग सोडून दिलं.

खाऊन उठताना पेइशानने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणत म्हटलं, "युनयुन, चल, घरी चल."

"आले!" युनयुन ओरडली. सगळं दुकान बघायला लागलं.

हे काम आमाने लावून दिलं होतं. लहान पोराचा जीव अंगाला घट्ट बसलेला नसतो, जिथे रमेल तिथे मागे राहतो. म्हणून कुठूनही निघताना पोराला नाव घेऊन बोलवायचं आणि त्याने ओ द्यायची. पेइशानच्या माहेरीही हे होतं, मिंगदाच्याही होतं. समुद्रावरून, डोंगरावरून, दवाखान्यातून निघताना तिची स्वतःची आई अशीच हाक मारायची. तेव्हा लाज वाटायची नाही. आता पस्तिशीत, दुकानभर लोकांसमोर, वाटत होती.

"परत एकदा म्हण ना," युनयुन म्हणाली. तिला तो खेळ झाला होता.

"पुढच्या ठिकाणी. नाव झिजेल तुझं."

"माझं नाही झिजत. रोज लागतं ना ते."

देवळातून निघताना हाक झाली, जुन्या किल्ल्यावरून उतरताना झाली, कोळंबीचे रोल खाऊन उठतानाही झाली. दर वेळी तेच खणखणीत "आले!" मिंगदा चिडवायचा की आमाच्या हुकमाने तू रेल्वेची घोषणा झालीस. पण पेइशानने पाहिलं होतं, तिने हाक मारायला उशीर केला तर तो स्वतःच दारापाशी रेंगाळायचा.

३

दुपारी ते समुद्राकडच्या भागात, वडाने गिळलेल्या जुन्या मिठाच्या गोदामात गेले. छप्पर कधीच गेलं होतं. त्याच्या जागी वड होता. पारंब्या खिडक्यांतून आत आणि दारांतून बाहेर गेल्या होत्या, भिंतीच्या विटा मुळांनी धरून ठेवल्या होत्या. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत हिरवट, ओलसर गारवा. आत शिरलेले लोक आपोआप हळू बोलत होते.

युनयुन खोल्याखोल्यांतून पळत होती. पेइशान एका दगडी उंबऱ्यावर बसली, कारण सँडल चावत होती. भिंतीपलीकडून मुलीचा आवाज येत होता. ती कोणाशी तरी बोलत होती. प्रश्न विचारायची, थांबायची, मग "हो का?" म्हणायची. मुळांशी बोलत असेल. तासभरात सगळ्या वडाचं बारसं होणार.

मग युनयुन म्हणाली, "तुला कोणीच नाही बोलावत? कधीच?"

उत्तर आलं की नाही, ते पेइशानला ऐकू आलं नाही. तेवढ्यात फाटकाकडून मिंगदाची आरोळी आली. टॅक्सी थांबली आहे, मीटर पळतंय, खरवसाच्या दुकानात आत्ता रांग नाही! पेइशान घाईने उठली. खांद्यावरची पिशवी घसरली, पाण्याची बाटली फुटक्या फरशीवरून गडगडत गेली. एका हातात टोपी, एका हातात सँडल, मागून आलेल्या एका घोळक्याचा धक्का. ती वैतागून ओरडली:

"चला, चला! सगळे चला आता!"

भिंतीपलीकडचं बोलणं थांबलं.

दारातून युनयुन बाहेर आली. धावत नाही, चालत. पायांकडे बघत, एकेक पाऊल नीट टेकवत, पायात नवे बूट घातल्यागत. तिने येऊन आईचा हात धरला. "आले" काही म्हणाली नाही.

बोटं गार होती. सावलीत खेळत होती, असणारच.

४

खरवसाच्या दुकानाला कुलूप निघालं. मग मिंगदाने शेजारीच शेवयांचे वाडगे मागवले. वर किसलेलं मांस, एक कोळंबी आणि मूठभर कोथिंबीर.

युनयुनने वाडगा जवळ ओढला, तोंड खाली नेलं आणि खायला लागली. शेवया, रस्सा, कोथिंबीर. पानं, देठ, सगळं. वर न बघता.

"अरे वा!" मिंगदा म्हणाला. "शहाणं झालं माझं पिल्लू! आमाला सांगायलाच हवं." त्याने आपल्या वाडग्यातली कोथिंबीर गमतीने तिच्या वाडग्यात टाकली. तीही गेली.

पेइशानच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. भूक लागली असेल, तिने स्वतःला सांगितलं. मुलं अशीच बदलतात, एका दुपारीत. शेजारच्या बाईचा मुलगा नाही का, वांगं बघून पळायचा आणि आता वांग्याशिवाय जेवत नाही.

दुकानाच्या पायरीवर एक करडं मांजर येऊन बसलं. पेइशान शक्य तितक्या सहज स्वरात म्हणाली, "बघ गं, याचं नाव काय ठेवायचं?"

मुलीने मांजराकडे पाहिलं. मांजर उठलं आणि रस्ता ओलांडून निघून गेलं.

"युनयुन."

ती खात राहिली.

"युनयुन, तुझ्याशी बोलतेय मी."

मिंगदाने कोपराने ढोसलं तेव्हा तिने मान वर केली. चेहरा तोच. पेइशानने रुमाल घेतला, तोंड पुसायचं निमित्त करून तिची हनुवटी धरली आणि आत पाहिलं. तिचं रोजचं कामच ते. खालच्या दाढेतली पांढरी सिमेंटची टिकली, जी तिच्याच डॉक्टरांनी भरली होती. वरचा किंचित वाकडा सुळा. जिभेखालची बारीक तीळभर खूण. सगळं जागच्या जागी. पोर तिचीच होती, यात शंकाच नव्हती, आणि तरीही तिने पुन्हा एकदा आत पाहिलं.

"अजून आहे?" मुलीने विचारलं. आवाजही तोच होता. फक्त ती असं विचारत होती की जणू पहिल्यांदाच कोणी तिला जेवायला बसवलं होतं.

५

पेइशान फोन घेऊन दुकानाबाहेर गेली. आमाला काय सांगायचं तिला कळेना. पोरीने कोथिंबीर खाल्ली, ही काय तक्रार झाली?

"अहो आई, युनयुनने आज कोथिंबीर खाल्ली."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"कुठून आलात आत्ता?"

"वडाच्या त्या गोदामातून."

"निघताना नाव घेऊन बोलावलंस ना, मुली?"

रस्त्यावरून एक स्कूटर गेली, मग दुसरी.

"काय म्हणालीस तिथे? अगदी जसं म्हणालीस तसं सांग."

"घाई होती हो. म्हणाले, सगळे चला."

आमा नेहमी आरडाओरडा करणारी बाई. आज तिने आवाज चढवला नाही, आणि पेइशानला त्याचीच भीती वाटली. "परत जा," आमा म्हणाली. "उजेड आहे तोवर जा. नाव घे. तिचंच घे, दुसरं काही बोलू नकोस. आणि जी हातात आहे तिच्याशी वाद घालू नकोस."

मिंगदाने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "गाडी चुकेल! एका कोथिंबिरीपायी?"

"तू लॉजवरून बॅगा घे आणि स्टेशनवर थांब. मी हिला घेऊन तिथे येते."

"तुझा तरी विश्वास आहे का या सगळ्यावर?"

"नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. "पण तिला एकदा 'युनयुन' म्हण आणि बघ."

त्याने मुलीकडे पाहिलं. मुलगी रिकाम्या वाडग्याच्या तळाला बोट फिरवून ते चाटत होती. तो हाक मारणार होता, पण मारली नाही. मुकाट्याने त्याने टॅक्सीला हात केला.

६

गोदामाचं फाटक बंद झालं होतं. पहारेकरी कुलूप लावून गेला होता. गजांमधून आतलं अंगण, त्यापलीकडे पहिल्या खोलीचं काळं दार आणि वर वडाचा पसारा दिसत होता. उन्हाची तिरीप आता फक्त शेंड्यावर होती.

टॅक्सीवाल्याला थांबायला सांगून पेइशान फाटकाशी गेली. मुलीचा हात तिच्या हातात होता. तो अजून गार होता.

"इथे कशाला आलो?" मुलीने विचारलं.

वाद घालू नकोस. पेइशानने गज धरला. लाज, विश्वास, अविश्वास, काही उरलं नव्हतं. तिला फक्त तिचं लेकरू हवं होतं. तिने जोरात हाक मारली.

"युनयुन, चल, घरी चल!"

आतून, मुळांच्या खूप मागून, बारीक पण खणखणीत आवाज आला.

"आले!"

तिच्या हातातली बोटं घट्ट झाली.

"मी आलेय ना," शेजारची मुलगी म्हणाली. "तूच म्हणालीस, सगळे चला."

"युनयुन, चल, घरी चल!"

"आले!" आवाज जवळ आला होता. वाळक्या पानांवर पावलं वाजत होती, धावणारी, ओळखीची.

"मी काही त्रास नाही दिला. सगळं खाल्लं." मुलगी रडायला लागली. "मला कोणी बोलावतच नाही. तू बोलावलंस."

तिच्याकडे बघावंसं पेइशानला फार वाटलं. रडणाऱ्या पोराकडे न बघणं कुठल्या आईला सोपं जातं? पण तिने अंगणावरची नजर हलवली नाही. काळ्या दारात काहीतरी हललं. तिची नजर नीट ठरायच्या आत ते अंगणभर सरकून फाटकापर्यंत आलं. तिने तिसऱ्यांदा हाक मारली, आणि तिचा आवाज फाटला.

हातातली गार बोटं सैल झाली. मग तीच बोटं ऊबदार, घामट, चिकट झाली.

"आई!" युनयुन भोकाड पसरून तिच्या कमरेला बिलगली. "किती उशीर केलास! मी केव्हाची आले आले म्हणतेय! आणि माझ्या तोंडाला ढेकणाचा वास येतोय!"

पेइशान तिथेच फुटपाथवर बसली आणि मुलीला पोटाशी धरून रडली. टॅक्सीवाल्याने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

७

टॅक्सीत युनयुनने चूळ भरली, आरशाला लटकणाऱ्या बाहुलीचं नाव 'लसूणराव' ठेवलं आणि खरवस राहिला म्हणून कुरकुर केली. पेइशान प्रत्येक शब्द कान भरून ऐकत होती. घरी पोचलं की आमाचे पाय धरायचे, असं तिने ठरवून टाकलं.

"ती रडत होती, आई," युनयुन अचानक म्हणाली.

"कोण?"

"तीच. मी बाहेर येत होते तेव्हा ती आत चालली होती. म्हणाली, मला नाव नाही, म्हणून मला कोणी नेत नाही." युनयुनने नाक पुसलं. "मग मी तिला एक नाव दिलं."

पेइशानने वळून तिच्याकडे पाहिलं. "तुझं?"

"वेडी का तू? माझं मला रोज लागतं." ती आईच्या कुशीत सरकली. "तुझं दिलं. तुझं कोणी घेतच नाही ना. नुसतं पडलेलं असतं."

बाहेर दुकानांचे दिवे लागत होते. लहान मुलांचा खेळ आहे, पेइशानने स्वतःला सांगितलं. काल पंख्याला नाव दिलं, आज आणखी कशाला. झालं ते झालं, लेकरू परत मिळालं. तिने मुलीचे केस हुंगले. घामाचा आणि ओल्या मातीचा वास आला.

स्टेशनवर त्या धावतच सुटल्या. गाडी फलाटाला लागलेली, दारात मिंगदा. बॅगा आत टाकलेल्या आणि चेहरा काळजीने आंबलेला. युनयुनला पाहताच तो ओरडला, "युनयुन!"

"आले, बाबा!"

त्याचा चेहरा असा काही उजळला की पेइशानला पुन्हा रडू आलं. मुलगी उडी मारून दारात चढली आणि बापाच्या गळ्यात पडली. तिची टोपी खाली पडली. पेइशान उचलायला वाकली. गाडीची शिट्टी झाली.

मिंगदाला पैज आठवली असावी. किंवा आज बायकोबद्दल त्याला खरंच भरून आलं असावं. कित्येक वर्षांनी, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी त्याने हाक मारली:

"पेइशान! चल, घरी चल!"

ती 'आले' म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं.

"आले!"

आवाज तिच्या मागून आला, कमरेएवढ्या उंचीवरून. तिच्या हाताला घासून काहीतरी गार पुढे गेलं.

दारात मिंगदाने हात पुढे केला. कोणीतरी तो धरला, कारण त्याने ओझं ओढून घ्यावं तसा तो आत घेतला. "जिंकलो की नाही?" तो हसत म्हणाला. पेइशानकडे बघून नाही, शेजारी बघून. मग तो आत वळला, आणि त्याच्या मागे दार बंद झालं.

पेइशान टोपी हातात घेऊन सरळ झाली. तिने पाऊल उचलायला पाहिलं. पाय फलाटावरून उठेनात.

खिडकीच्या काचेला दोन्ही तळवे टेकून युनयुन तिच्याकडे बघत होती. ती ओरडत होती. ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळत होतं: आई, चल. आई, चल. बापाने प्रेमाने तिला मागे ओढलं आणि पलीकडच्या सीटवर कोणासाठी तरी जेवणाचा डबा उघडून ठेवला.

गाडी हलली. फलाट रिकामा होत गेला. झाडूवाली तिच्या अगदी जवळून, तिच्याकडे न बघता, झाडत पुढे गेली. पेइशान उभी राहिली, आणि कोणीतरी नाव घेऊन बोलावेल म्हणून वाट पाहू लागली.